चाळीस सेकंदांत बोसा नोव्हा

शिवणयंत्र दुरुस्तीला आलं की माझे बाबा आधी त्याला हात लावत नाहीत. "चालवा जरा," असं गिऱ्हाइकाला सांगतात आणि मान खाली घालून ऐकतात. कुठे दात झिजलाय, कुठे पट्टा सैल झालाय, ते त्यांना आवाजावरूनच कळतं. आई म्हणते, "यांना यंत्राची कुरकुर ऐकू येते, माझी तेवढी येत नाही." बाबांचं वय आता अडुसष्ट. जिन्याखालची खोली हेच त्यांचं दुकान. एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर लहान लहान खण. प्रत्येक खणावर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं: सुया, बॉबिन, स्प्रिंगा, किरकोळ. एका खणावर तर 'फारच किरकोळ'.

पण बाबांची गोष्ट दुकानापाशी संपत नाही. बावीस वर्षं दर शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी ते काळा कोट चढवून एका हॉटेलात ड्रम वाजवायला जात. ड्रम म्हणजे फार मोठा पसारा नव्हता. एक लहान ड्रम, एक झांज आणि आत मणी भरलेली डबी, जिला आई सरळ खुळखुळा म्हणायची. "निघाले खुळखुळा घेऊन," असं म्हणत ती त्यांच्या कोटाची कॉलर मात्र न चुकता सारखी करायची.

ते तिघं होते. पियानोवाले, बाबा आणि बाई. पियानोवाले तरुणपणी मालवाहू जहाजावर कारकून होते. ब्राझीलच्या एका बंदरात जहाज सहा आठवडे अडकलं आणि हे रोज संध्याकाळी जाऊन तिथली गाणी ऐकत बसले. परत आले ते बोसा नोव्हा डोक्यात भरून. ज्यांनी ते ऐकलं नसेल त्यांना बाबा असं समजावतात: नाचाचा ठेका घ्यायचा, पण शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर त्याची झोप मोडणार नाही इतका हळू वाजवायचा. आणि वर गाणाऱ्याने गायचं नाही, कानाशी बोलायचं.

ते कानाशी बोलणं बाईंचं. बाई दिवसा एका कारखान्याच्या टेलिफोनवर बसत आणि संध्याकाळी मांडीवर गिटार घेऊन गात. पोर्तुगीज भाषेचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. पियानोवाल्यांनी स्वतः बसवलेल्या चालींवर ते जे आठवेल ते शब्द सांगत आणि बाई ते जसे ऐकू येतील तसे म्हणत. अर्थ कुणालाच माहीत नसे. पियानोवाल्यांनाही नसावा, असा बाबांचा संशय आहे.

बाबांचं तिथलं नाव होतं उशीरराव. ड्रमच्या कडेवर काठीचा जो टक्क असा ठोका पडतो, तो बाबांचा नेहमी एक कणभर मागून पडायचा. पियानोवाले वैतागायचे. "उशीरराव, गाडी सुटली!" म्हणायचे. एकदा त्यांनी पियानोवर टेपरेकॉर्डर ठेवून संध्याकाळभराची गाणी कॅसेटवर घेतली आणि ती बाबांच्या हातात दिली. डबीवर लिहिलं होतं: 'उशीररावांसाठी. ऐका आणि सुधारा.' बाबांनी ऐकली पुष्कळ वेळा. सुधारले नाहीत.

बारा वर्षांपूर्वी बाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. तिघांचं वाजवणं त्या आठवड्यातच थांबलं. पुढे चार वर्षांनी पियानोवाले वारले आणि हॉटेलवाल्यांनी त्या दालनात व्यायामाची यंत्रं आणून ठेवली. बाबा बाईंना भेटायला गेले नाहीत. का, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कॅसेट 'फारच किरकोळ'च्या खणात गेली.

आता माझ्याबद्दल, कारण पुढच्या सगळ्याला कारण मीच. मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. डॉक्टर मापं पाठवतात, मी कृत्रिम दात घडवते. एकटी आहे, आई-बाबांकडेच राहते. कामावरच्या एकीने मला फोनवर एक ॲप दाखवलं. हवं तसं गाणं शब्दांत लिहून सांगायचं, एआय ते करून देतं, गायकासकट, वाद्यांसकट. मला वाटलं, बाबांची गंमत करू.

रविवारची दुपार होती. बाबा एका यंत्राला तेल घालत होते.

"बाबा, कुठलंही गाणं सांगा. हा फोन करून देतो."

"कुठलंही?"

"कुठलंही."

बाबा मिश्कील हसले. "मग लिही. बोसा नोव्हा. जुन्या वळणाचं. गिटार नायलॉनच्या तारांची. पियानो मोजका. ड्रमच्या कडेवर काठी. बाईचा आवाज, मोठा नको. समुद्राजवळचं वाटलं पाहिजे, पण लाटांचा आवाज घालू नको म्हणावं. सगळे घालतात."

मी लिहिलं आणि बटण दाबलं. बाबा परत तेलाकडे वळले. चाळीस सेकंद झाले असतील, आणि गाणं सुरू झालं.

लाटा नव्हत्या. गिटारच्या तारेवर बोट सरकल्याचा बारीक आवाज आला, मग अंगठ्याने छेडलेले दोन खालचे सूर, मग कडेवरची काठी, आणि एक बाई गाऊ लागली, जशी कुणी खिडकीत बसून स्वतःशीच गावी तशी. बाबांच्या हातातली तेलाची कुपी तिरकी झाली. तेल आधी यंत्रावर, मग टेबलावर, मग त्यांच्या पँटवर सांडायला लागलं. त्यांना पत्ता नव्हता.

"कोण वाजवतंय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

"कुणी नाही कसं? बोट सरकलेलं ऐकू आलं की."

"ते बोटसुद्धा नाही."

"बोट नाही, आणि सरकलं?"

बाबांनी कुपी खाली ठेवली, हात पुसले आणि स्टुलावर बसले. "परत कर," म्हणाले. मी परत केलं. दुसरं गाणं आलं, पहिल्यापेक्षा वेगळं आणि तितकंच चांगलं. तिसरं आलं. बाबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आपल्या घरात परका माणूस आपलेच कपडे घालून बसलेला दिसावा, तसे ते फोनकडे बघत होते.

"आम्हाला बावीस वर्षं लागली," ते म्हणाले.

आई दारातून म्हणाली, "तरी पियानोवाले म्हणायचेच, की तुम्हाला अजून येत नाही." एरवी बाबा हसले असते. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. मला गंमत करायची होती, आणि मी त्यांच्या आयुष्यातला एक खांबच हलवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा माझ्या दारात उभे. "त्या फोनला सांग, ठोका थोडा मागे घे."

तिथून तीन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाबांनी दोष शोधून काढला होता. ठोका बरोबर पडत होता. "बरोबरच पडतोय, म्हणून चूक आहे," असं ते म्हणत. मला ते पटलं. दात खऱ्यासारखे दिसायला हवे असतील तर ते अगदी सरळ रांगेत लावून चालत नाही. एखादा किंचित फिरवावा लागतो, एखाद्याची कड झिजवावी लागते. मी ॲपला लिहिलं, ठोका जरा उशिरा. त्याने सगळंच गाणं संथ केलं. मी लिहिलं, फक्त ड्रम उशिरा. त्याने ड्रम असे मागे ढकलले की वाजवणारा दारू प्यायलाय असं वाटावं. "हा मुद्दाम लंगडतोय," बाबा म्हणाले. "मी मुद्दाम करत नव्हतो गं. माझं तसंच पडायचं."

दुकानात यंत्रं साचायला लागली. एका गिऱ्हाइकाचं यंत्र आठ दिवस तसंच राहिलं तेव्हा आई त्यांना म्हणाली, "थांबा थोडं, आमचे हे सध्या ब्राझीलला गेलेत."

मग मला कॅसेट आठवली. त्या ॲपला एखादं गाणं नमुना म्हणून ऐकवता येत होतं. ते त्या धाटणीचं नवं करून द्यायचं. मी प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या शिपायाकडून त्याचा जुना कॅसेट प्लेअर मागून आणला. बाबांनी खण उघडला, कॅसेट काढली, आणि हातातच धरून उभे राहिले.

"यात बाई आहेत," ते म्हणाले.

"असू द्या की. आपल्याला तुमचा ठोका हवाय."

"त्यांना विचारायला हवं."

"बाबा, बारा वर्षं तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. आता फोन करून हे विचारणार? आणि आपण घरातच तर ऐकणार आहोत."

हे मी बोलले. शब्दन् शब्द आठवतो. बाबांनी कॅसेट माझ्या हातात दिली.

मी एका बाजूची तीन गाणी फोनवर घेतली आणि ॲपला दिली. पियानोवाल्यांच्या एका चालीवर, त्याच ठेक्यात, त्याच ढंगात गाणं कर, असं सांगितलं. या खेपेला एक मिनिट लागलं असेल.

सुरुवातीचा पियानो आला. बाबा पुढे वाकले. काठीचा ठोका आला, आणि खरंच, तो कणभर मागे होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडं. मग आवाज आला.

तो बाईंचा होता. मिळताजुळता वगैरे नव्हे. शब्दाच्या शेवटी आवाज किंचित दुमडायची त्यांची सवय, 'र' म्हणताना येणारा तो थोडा कोरडेपणा, सगळं. शब्द मात्र नवे होते, खरे पोर्तुगीज, स्वच्छ, बाईंनी जन्मात न उच्चारलेले. ज्या गळ्याचं ऑपरेशन होऊन बारा वर्षं झाली होती, तो गळा आमच्या जिन्याखाली एक नवं गाणं गात होता.

आई ओल्या हातांनी धावत आली. दारात थबकली, खोलीत इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाई बऱ्या झाल्या?"

मी फोन वर करून दाखवला. आईला प्रकार समजला तेव्हा ती मटकन पायरीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "बंद करा ते."

मी बंद केलं. पण पुसलं नाही. दोन दिवस मी ते कामावर जाता-येता ऐकलं. इतकं सुंदर होतं, की आपल्यापाशीच ठेवणं मला चुकीचं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी ते इंटरनेटवर टाकलं, सगळ्यांना ऐकता येईल असं. बाबांना सांगितलं नाही. नावाच्या जागी नुसतं लिहिलं: 'जुन्या वळणाचा बोसा नोव्हा, एआयच्या मदतीने'. लोकांनी ऐकलं, एकमेकांना पाठवलं. आकडा वाढताना बघून मला आनंद होत होता, हे आता कबूल करायला लाज वाटते.

दहा दिवसांनी, भर दुपारी, दाराची कडी वाजली. मी उघडलं.

दारात साठी ओलांडलेली एक बाई उभी होती. केस ओले. एका बाजूला खांद्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला कानापर्यंतच कापलेले. गळ्याभोवती केस कापताना बांधतात ते निळं कापड तसंच होतं, आणि त्यावर केसांचे तुकडे चिकटलेले. इतक्या वर्षांनी मी चेहरा ओळखला नाही; मला वाटलं, या बाई कुठून तरी पळून आल्यात. त्या बोलल्या तेव्हा कागद चुरगळावा तसा आवाज आला.

"उशीरराव आहेत?"

बाबा आतून उठले होते. त्यांनी ते नाव आठ वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले.

"कुठून आणलात?"

"काय?"

"माझा आवाज."

बाबांना काहीच उमगेना. उमगलं ते मला. बाईंच्या तुटक बोलण्यातून कळलं ते असं: केस कापणारीने शांत संगीत म्हणून काहीतरी लावलं होतं. एकामागून एक गाणी वाजत होती आणि त्यातच हे वाजलं. बाई खुर्चीतून तशाच उठल्या होत्या आणि दोन बसथांबे चालत आल्या होत्या.

"आमच्याकडूनच आलं, हे कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

"ती चाल तीन माणसांना ठाऊक होती," बाई म्हणाल्या. "एक वारला. एक खुर्चीत बसून केस कापून घेत होती. राहिलं कोण?"

मग त्या जरा थांबल्या. त्यांना सलग बोलता येत नव्हतं. "ती पोरगी मला म्हणाली, किती गोड आवाज आहे ना, असं आता कुणी गात नाही. मी काय सांगणार होते तिला? की हा माझा आहे? या आवाजात सांगणार होते?"

मी सगळं कबूल केलं. बाबांना ठाऊक नव्हतं, इंटरनेटवर मी टाकलं, असं सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. रागाची असती तर बरं झालं असतं.

"लावा," बाई म्हणाल्या.

मी लावलं. त्या ओल्या केसांनी ताठ बसून ऐकत राहिल्या. संपल्यावर म्हणाल्या, परत. तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलायला लागले, पण शब्द त्यांना येत नव्हते, म्हणून मधेच बंद झाले.

"ही श्वास घेते," त्या म्हणाल्या, "पण हिला धाप लागत नाही. मी दुसऱ्या ओळीत नेहमी कमी पडायचे. तुम्ही थांबायचात, म्हणून मला पोचता यायचं. इथे तुम्ही कुणासाठी थांबताय?"

"मी थांबायचो?" बाबा म्हणाले. "पियानोवाले तर म्हणायचे..."

"पियानोवाल्यांना गायचं नव्हतं."

बावीस वर्षं जो दोष म्हणून ऐकला, त्याचा कुणाला तरी आधार होता, हे बाबांना असं कळलं, आणि तेही या वेळी. मी बाईंच्या समोरच गाणं काढून टाकलं. त्यांनी विचारलं, किती जणांनी ऐकलं? मी सांगितलं, अकरा हजार.

"बावीस वर्षांत मी इतक्या माणसांसमोर गायले नसेन," त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठी घालून त्यांनी विचारलं, "पण हे यंत्र माझा आवाज शिकलं कशावरून?"

"कॅसेटवरून," मी म्हणाले.

"कुठली कॅसेट?"

मला वाटलं होतं, सगळ्यात वाईट होऊन गेलं. बाबांचा चेहरा बघितला आणि कळलं, ते अजून व्हायचंय. बाबा उठले, खण उघडला, कॅसेट आणून बाईंच्या हातात दिली. बाईंनी डबीवरचं अक्षर वाचलं. बोट त्या अक्षरांवरून फिरवलं.

"कधीपासून आहे ही तुमच्याकडे?"

"वीस वर्षं झाली."

"म्हणजे माझं ऑपरेशन झालं तेव्हा होती."

"होती."

मग बाई जे बोलल्या ते ऐकून आई भिंतीला टेकली.

"मी बारा वर्षं शोधतेय. हॉटेलात विचारलं. पियानोवाल्यांच्या बायकोला विचारलं, तिने माळे धुंडाळले. कारखान्यात विचारलं, टेलिफोनवर कधी काही टेप झालं होतं का म्हणून. कुठेच नाही. भाच्याच्या वाढदिवसाच्या व्हिडिओत मागून माझा आवाज येतो. 'दिवा लाव.' एवढंच. दोन शब्द. बारा वर्षं मी ते दोन शब्द ऐकतेय. आणि तुमच्याकडे हे होतं. खणात."

"बाई, तुम्हाला त्रास होईल म्हणून..."

"ते मी ठरवलं असतं." त्यांचा आवाज चढू शकत नव्हता, त्यामुळे राग नुसता डोळ्यांत होता. "यंत्राचं सोडा. त्याला कशातलं काय कळतंय? त्याने विचारलं नाही, कारण त्याला विचारता येत नाही. तुम्हाला येत होतं. दवाखान्यात अख्खा कारखाना येऊन गेला. तुम्ही आला नाहीत."

"आलो होतो," बाबा म्हणाले. हे आम्हीही प्रथमच ऐकत होतो. "फाटकापर्यंत आलो होतो, दोनदा. तुम्हाला बोलता येत नव्हतं, आणि मला बोलता येत होतं. काय बोलायचं तेच कळेना. परत फिरलो. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. मग उशीर झाला. मग इतका उशीर झाला, की तोंड कसं दाखवायचं ते कळेना."

"नाव सार्थ केलंत," बाई म्हणाल्या.

त्या कॅसेट घेऊन निघाल्या. बाबांनी प्लेअर पुढे केला, तोही घेतला. इथे ऐकणार नाही म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, तेव्हा आई मधे उभी राहिली.

"रागवा, हवं तेवढं रागवा. पण असे अर्धे केस घेऊन रस्त्याने जाऊ देणार नाही मी तुम्हाला. बसा."

बाई बसल्या. का बसल्या कुणास ठाऊक. आईने टॉवेलने त्यांचं डोकं पुसलं, बाबांची कापड कापायची मोठी कात्री आणली आणि लांब राहिलेली बाजू कापली. कात्रीचा आवाज तेवढा येत होता. कॅसेट बाईंच्या मांडीवर होती, दोन्ही हातांखाली. झालं तेव्हा आईने आरसा धरला. एक बाजू अजून वरच होती. बाईंनी मान हलवली, कापड सोडून घडी केली, आणि गेल्या.

बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी, बुधवारी, चार वाजता त्यांनी कपाटातून काळा कोट काढला, परत ठेवला, साधा शर्ट घातला आणि बाईंकडे गेले. सात वाजता आले. आईने विचारलं, काय झालं? म्हणाले, "दार उघडलं. बसा म्हणाल्या. मग ऑपरेशनच्या दिवशी काय काय झालं ते सांगितलं, पहिल्यापासून. कुणाला सांगितलं नव्हतं म्हणाल्या. कुजबुजत सांगायला खूप वेळ लागतो गं." कॅसेटचं विचारलं तर म्हणाले, "लावली नाही माझ्यासमोर. मीही मागितली नाही." त्यानंतर ते दर बुधवारी जातात.

मला बाईंनी माफ केलेलं नाही. मी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. एकदा रस्त्यात दिसल्या तेव्हा मान हलवली, इतकंच. त्यांच्या जागी मी असते तर तेवढीही हलवली नसती.

गाणं मी काढलं होतं, पण तोवर लोकांनी ते उचलून आपापल्या व्हिडिओंना लावलं होतं. एकाने फुलझाडांच्या, एकाने कुत्र्याच्या. प्रत्येकाला लिहून मी ते काढायला सांगितलं. दोघांनी काढलं नाही. एकाने उलट विचारलं, "एआयचंच गाणं ना? मग तुमचं कसं?" मला सांगता आलं नाही, की ते आमचंही नाही.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत एक कृत्रिम दात घासत बसले होते आणि शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी फोनवर गादीची जाहिरात लागली. मागे हळू गिटार, आणि एक बाई काहीतरी गुणगुणत होती. माझ्या हातातला दात खाली पडला. शब्दाच्या शेवटी आवाज दुमडत होता. चाल पियानोवाल्यांची नव्हती, गाणं आमचं नव्हतं. पण तो आवाज.

मी गादीवाल्यांना फोन केला. त्यांनी जाहिरात करणाऱ्यांचा नंबर दिला. तिथला मुलगा सभ्य होता. म्हणाला, संगीत तयार मिळतं, हजारो तुकडे असतात, शांत हवं, उदास हवं, समुद्रकिनारी हवं. त्यातलं एक घेतलं. कोण गातंय? म्हणाला, "कुणी गात नसेल बहुतेक. किंवा असेलही. आम्ही नाही विचारत." आम्ही ॲपला दिलेला आवाज तिथे जाऊन पोचला, की बाईंसारखी गाणारी दुसरी कुणी जगात आहे, की यंत्राने सहज म्हणून असा एक गळा केला, हे सांगू शकेल असं कुणी मला सापडलं नाही.

मी ती जाहिरात बाबांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून मान खाली घातली, यंत्राला ऐकतात तशी. पाच-सहा वेळा ऐकलं.

"बाई आहेत का?" मी विचारलं.

"कळत नाही," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडून आवाजाबद्दल हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. ते घाबरले होते.

आई म्हणाली, "आता हे त्यांना सांगू नका. झालं तेवढं पुरे." पण बाबांनी माझा फोन मागून घेतला. बुधवार नव्हता, तरी निघाले. मी मागोमाग गेले. त्यांनी नको म्हटलं नाही.

बाईंची खोली लहान आहे. खिडकीशी टेबल, त्यावर तो प्लेअर, शेजारी डबीत ठेवलेली कॅसेट. मला बघून त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. बाबांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि जाहिरात लावली. एकोणीस सेकंदांची आहे ती. बाईंनी फोन कानाला लावला. संपल्यावर परत लावला. मग कॅसेट प्लेअरमध्ये घालून, आमच्यासमोर, पहिल्यांदाच, कॅसेटवरचं आपलं गाणं एक ओळभर ऐकलं आणि बंद केलं. परत फोन कानाला लावला.

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

त्यांनी फोन खाली ठेवला. हात गळ्यावर गेला, ऑपरेशनच्या खुणेवर, आणि तिथेच राहिला.

"मलाही सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

मग बाबांनी विचारलं, "चहा टाकू?" बाईंनी मान हलवली. बाबा उठून आत गेले. डबे कुठे असतात ते त्यांना आता माहीत आहे.